उभेमामांना पडलेलं मत

उभेमामा बसलेले मला फारसे आठवत नाहीत. फवारणीचे पंप दुरुस्त करायचं त्यांचं टपरीवजा दुकान गावाच्या फाट्यावर होतं, आणि तिथंही ते टेबलाला पोट टेकवून उभ्याउभ्याच काम करत. नाव मात्र त्यावरून पडलं नव्हतं. पंचायतीच्या प्रत्येक निवडणुकीला ते उभे राहत आणि न चुकता पडत, म्हणून गावानं त्यांना उभे करून टाकलं. एकदा नवा पोस्टमन ते आडनाव समजून ‘उभे कोण?’ असं विचारत आला, तर मामांनीच हात वर केला.

आमचं गाव चाकूर तालुक्यातलं, आणि बिनविरोधाचं भारी कौतुक असलेलं. चार वडीलधारे चावडीत बसून नावं ठरवत आणि बाकीचे माना डोलावत. मामांना ते सहन होत नसे. जो वॉर्ड बिनविरोध व्हायच्या बेतात असेल त्याच वॉर्डात ते अर्ज टाकत. ते बौद्धवाड्यातले. त्यांचं आणि मामींचं मत तिकडे, उमेदवारी मात्र भलत्याच वॉर्डात. त्यामुळे स्वतःचं मतही त्यांना स्वतःला देता येत नसे. “माज्या आज्याला ह्या चावडीत बसू देत नव्हते,” ते म्हणायचे. “आता माजं नाव चावडीच्या भिंतीवर लागतंय. पडलेल्याचं का असंना, वाचावं लागतंय की न्हाई?”

माघारीच्या दिवशी मामा गावात सापडत नसत. अर्ज मागे घ्या म्हणून सांगायला लोक येणार हे त्यांना ठाऊक असे. सकाळच्या एसटीनं ते थेट नांदेड गाठत, स्टँडवर चहा पीत, आणि मुदत टळली की पुढच्या गाडीनं निवांत परत येत. वडीलधारे धुसफुसत. मामा त्यांना वाकून नमस्कार करत.

मी अठरा वर्षांचा झालो त्या वर्षी आमच्या वॉर्डाची पाळी आली. मी लातूरला क्लासला होतो. सुट्टीत आलो तेव्हा मामांचा ऑनलाइन अर्ज मीच भरून दिला. “मामा, पडायची एवढी हौस का?” मी चेष्टेनं विचारलं. ते चिडले नाहीत. “आरं, मी निवडून याया उभा राहत न्हाई. तुमी पोरं पयल्यांदाच यादीत आलाव. तुमाला बटन दाबाया मिळावं म्हनून उभा राहतोय.” मला भरून आलं. मी म्हणालो, “मामा, माझं पहिलं मत तुम्हालाच.”

मतदानाच्या सकाळी समोरच्या पॅनलनं लातूरला जीप पाठवली. आम्ही नऊ जण होतो, सगळे सायन्सचे. गाडी मतदानाला नेण्याऐवजी महादेवाच्या देवळापुढे थांबली. आत ताटात बेलाची पानं आणि भंडारा ठेवलेला. पॅनलचा माणूस गोड आवाजात म्हणाला, “उचला बाळांनो. आईची आण घ्या.” बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडला की घरात मढं पडतं, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत असतं. एकेकानं उचलला. मीही उचलला.

मामा हे ओळखून होते. “शपत देवळातच राहती,” असं ते पोरांना सांगायचे. “पुठ्ठ्याच्या आडोशाला देव येत न्हाई, पाटील येत न्हाई. तितं तू आन् तुजं बोट.” मी मत द्यायला आडोशाला गेलो, तेव्हा खरंच तिथं कोणी नव्हतं. मशीनवर मामांचं नाव दुसरं होतं. मला आईचा चेहरा दिसला. तिला दम्याचा त्रास होता. “आटपा लवकर,” बाहेरून साहेब ओरडले, आणि मी पहिलं बटण दाबलं.

तालुक्याला मतमोजणी झाली. मामांना एक मत पडलं. फक्त एक. लोक पोट धरधरून हसले. मामा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले आणि माझे दोन्ही हात धरले. “शून्य न्हाई, एक हाय! कोनाचं हाय ते मला ठावं हाय.” मी काहीच बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. ते गावभर सांगत सुटले, की पोरांतलं एक तरी पोरगं पक्कं निघालं.

दोन वर्षांनी त्यांच्या किडन्या गेल्या. लातूरच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, तेव्हा मामा पहिल्यांदा आडवे दिसले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ते म्हणाले, “ह्यो माजा मतदार.” त्या दिवशीही माझ्या तोंडून खरं निघालं नाही. आठवड्याभरात मामा गेले.

यंदा पुन्हा निवडणूक लागली. गावानं ती अख्खीच बिनविरोध करायची ठरवली. मी आता फाट्यावर ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र चालवतो. नुकतीच यादीत नावं लागलेली तीन पोरं माझ्याकडे आली. “दादा, उबेमामाला मत दिलेला तूच ना? मग तू उभा राहा. आमाला बटन दाबायचंय.”

इतक्या वर्षांनी मी खरं ते सांगितलं. मग एकजण म्हणाला, “मंग ते मत कोनाचं होतं? त्यालाच उभं करू.”

तीन दिवस ती घरोघर विचारत फिरली. सात जणांनी त्यांना छातीवर हात ठेवून सांगितलं, “ते मत माझंच होतं.” काल अर्जाची मुदत संपली. सातांपैकी एकही जण अर्ज भरायला आला नाही. आणि मी तर दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढेच बसून होतो.