रूथच्या डोहाळ्यांचा पास्ता

शिरूरहून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत पास्त्याचं पाकीट, चीजचा डबा, मैदा आणि मिरपूड होती. धाकटी बहीण रूथ दौंड तालुक्यात, कासुर्डीला सासरी होती. तिला दिवस गेले होते. बूथवरून तिचा फोन आला होता, "ताई, तुझा तो पांढरा पास्ता खावासा वाटतोय गं."

आम्ही शिरूरचे ख्रिस्ती. रूथचे सासरचे पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारे, आता बागायतदार. लग्न तिनं आणि बापूनं आपल्या मर्जीनं केलेलं. सासूबाईंनी, धुरपदाबाईंनी, सून घरात घेतली. पण तिच्या हातचं अजून खाल्लं नव्हतं. रूथनं पातेलं उतरवलं की त्यांचा कसला तरी उपास निघायचा. त्या घरी मी पहिल्यांदाच चालले होते.

न्हावऱ्याला टायर बसलं. सगळे खाली उतरून सावलीला उभे राहिलो. गाडीत शेजारी बसलेले एक आबा माझ्या पिशवीकडे बघत म्हणाले, "डब्यात काय हाय?"

"चीज. दुधाचंच असतं, घट्ट केलेलं."

"मंग खवाच की," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

पुढं भीमेचा पूल ओलांडला आणि दोन्ही अंगांनी ऊस सुरू झाला. गुऱ्हाळांवर काहिली (गूळ शिजवायच्या मोठ्या कढया) चढल्या होत्या. खिडकीतून गोड वाफ आत येत होती. चौफुल्याला उतरून वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) पकडली. तिनं मला कासुर्डी फाट्यावर सोडलं.

रूथ अंगणातच उभी होती. तोंड सुकलेलं, पण हसत होती. धुरपदाबाईंनी पाणी दिलं. "बसा. तुमी दमला असाल," एवढंच बोलल्या आणि गहू निवडायला उंबऱ्यात बसल्या.

गॅस नेमका संपलेला. मग चूलच पेटवली. पास्ता उकडून निथळत ठेवला. घरच्या लोण्यात मैदा परतला आणि म्हशीचं दूध ओतलं. चुलीचा अंदाज मला कुठला असायला? जाळ भडकला आणि बघता बघता दुधात मैद्याच्या गाठी झाल्या. मी डावानं त्या चेपत होते, त्या निसटत होत्या. रूथचा चेहरा पडला.

"जाळ मागं वढा," उंबऱ्यातून आवाज आला. मला लाकूड हाताळता येईना. धुरपदाबाई सूप ठेवून उठल्या. "एवढं दूध वाया घालवता व्हय?" त्यांनी लाकडं मागं ओढली, खुंटीवरची रवी घेतली आणि पातेल्यात घुसळायला लागल्या. मी चीज किसून टाकत गेले. हळूहळू सॉस मऊ, दाट झाला, चकाकायला लागला.

त्यांनी डावातला थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

"मीठ कमी हाय," म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. पातेलं चुलीवर मी चढवलं होतं, आणि त्यांनी आमच्या हातचं चाखलं होतं. रूथनं मिठाची बरणी हळूच पुढं सरकवली. त्यांनी चिमूट टाकली, वर माझी मिरपूडही टाकली.

पास्ता सॉसमध्ये घोळवून रूथनं ताटं घेतली, सवयीनं सासूबाईंना सोडून तीनच. बापू शेतातून आला होता. त्यानं दबकत विचारलं, "आई, तुला आज..."

"मला काय? भूक लागलीया." त्या पाट ओढून बसल्या. "रुता, वाढ मलाबी. आन् शेंगदाण्याची चटणी आण, निस्तं फिक्कं लागंल."

रूथनं पटकन चौथं ताट घेतलं, आधी त्यांना वाढलं आणि चटणी पुढं ठेवली. चटणी कालवून त्यांनी ताट पुसून खाल्लं. रूथनं दोनदा घेतलं. मग धुरपदाबाई मला म्हणाल्या, "अगं, तू का बसलीस तशीच? जेव की."

उन्हं कलल्यावर मी निघाले. परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही, उभीच होते. लांबच्या प्रवासाला गेलेली माणसं काय काय बघून येतात. मी शेजारच्या तालुक्यापर्यंतच गेले होते, पण मन भरून आलं होतं. धुरपदाबाईंनी चाखलं ते सवयीनं. हात आपोआप गेला. जेवायला बसल्या त्या मात्र ठरवून. हे आईला कधी सांगते असं मला झालं होतं.