दिव्याकडे गेलेलं पिल्लू

बाबांच्या खाटेसमोर टीव्ही मीच आणून बसवला. कुणी मागितला नव्हता. गेल्या वर्षी झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. मी कामावर, मुलगी शाळेत, नवरा मुंबईला. दुपारी शेजारीण येऊन जेवण भरवून जाते, बाकी दिवसभर माणूस कौलांकडे बघत पडलेला. म्हटलं, घरात आवाज तरी राहील. तो आवाज आमच्या घरातलं काय उचलून नेणार आहे हे कळलं असतं, तर ते खोकं मी भाट्ये खाडीत बुडवून आले असते.

माझ्या लहानपणी आवाज बाबांचा असायचा. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, झावळ्यांनी झाकल्या, की पडवीत जाळ्यांची दुरुस्ती सुरू व्हायची. दुपारचं जेवण झालं की जाळ्याचं एक टोक माझ्या हातात आणि गोष्ट सुरू. ऐकणाऱ्याने हूं म्हणत राहायचं, हा नियम. हूं थांबलं की गोष्ट थांबली. आणि थांबलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी मधूनच उचलायची नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगायची, हा त्याहून कडक नियम. कुणी केला होता कोण जाणे, पण बाबांनी तो कधी मोडला नाही.

गोष्ट कासविणीची. ती वाळूत अंडी घालते, पण तिला समुद्रात परतावंच लागतं, म्हणून कुर्लीला, म्हणजे खेकडीला, राखण करायला सांगते. कुर्ली म्हणते, राखीन, पण मला मोजता येत नाही. पुढे अंडी फुटतात, पिल्लं पाण्याच्या उजेडाकडे धावतात आणि त्यातलं एक वाट चुकतं. एका झोपडीत दिवा लागलेला असतो, ते त्या दिव्याकडे चालायला लागतं. कुर्लीला वाटतं, गेली सगळी. कासवीण पाण्यात वाट बघत राहते.

इथपर्यंत मला पाठ आहे. यापुढे मी कधी जागी राहिलेच नाही. पोटात भात, बाहेर पावसाचा एकसुरी आवाज, माझं हूं बारीक होत जायचं. बाबा विचारायचे, “झोपलीस काय गो?” आणि उत्तर आलं नाही की जाळं खाली ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंडी, पुन्हा कुर्ली. मला त्याचं काही वाटायचं नाही. शेवट कुठे पळून जातो आहे, बाबांच्या पोटात आहे, असं वाटायचं. मग मी मोठी झाले, आणि मोठ्या मुलीने बापाजवळ कासवाच्या गोष्टीचा शेवट मागायचा तरी कसा.

ही गोष्ट आमची एकट्यांची नाही. किनाऱ्यावर घरोघर सांगत आले आहेत. पण शेवट ज्याच्या त्याच्या घरचा असतो. पावस गावाकडे कुणी सांगतं पिल्लू नारळाच्या मुळाशी राहिलं, कुणी आणखी काही. आमच्या घरचा शेवट होता, एवढं मला माहीत होतं.

आणि ती गोष्ट टीव्हीवर आली. जुन्या बालकथा नव्या रूपात, अशी कसलीशी मालिका. समुद्र शाईसारखा निळा. पिल्लाला हातभर पापण्या. आमची बिचारी कुर्ली, जिचा दोष एवढाच की तिला मोजता येत नव्हतं, ती काळा झगा घालून खदाखदा हसते. दिव्याच्या जागी राजवाडा. आणि कासवीण अंगावर चांदण्या लावून येते, पिल्लाला पाठीवर घेते, मग सगळे नाचतात. मुलीला आवडली. आवडू दे, तिचं वयच ते. मला राग आला तो बनवणाऱ्यांचा. पोरांना जरा म्हणून दुखू द्यायचं नाही, असा यांनी चंग बांधलाय.

बाबाही बघायचे. तो भाग पुन्हा पुन्हा लागायचा आणि बाबा खाटेवरून त्या टीव्हीला हूं म्हणायचे. सांगणाऱ्याला हूं द्यायचं, ही सवय जिभेने झटक्यातही सोडली नव्हती. मुलगी हसायची, मीही एकदोनदा हसले. मग बाबा डोळे मिटायचे, हूं थांबायचं, टीव्ही मात्र थांबायचा नाही. झोपेतही त्यांच्या कानात तो शेवट ओतला जात होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका रविवारी दुपारी मी टीव्ही बंद केला. मुलीला खाटेशी बसवलं आणि बाबांना म्हटलं, कासविणीची गोष्ट सांगा, आज मी झोपणार नाही. त्यांना बरं वाटलं असावं. शब्द शोधत शोधत त्यांनी सुरुवात केली. अंडी आली. कुर्ली आली, आणि अगदी तिच्याच भोळ्या आवाजात म्हणाली की मला मोजता येत नाही. मी हूं देत होते. पिल्लू दिव्याकडे निघालं.

“मंग?” मी विचारलं.

“मंग आय आली त्येची,” बाबा म्हणाले. “चांदन्या लावून. मंग नाचली समदी.”

मी म्हटलं, ही टीव्हीतली झाली बाबा, आपली सांगा. दिवा कुणाच्या झोपडीत होता? ते माझ्याकडे बघत राहिले, मग काळ्या पडद्याकडे. “हीच नाय काय ती?” त्यांनी विचारलं. ते खोटं बोलत नव्हते, टाळत नव्हते. त्यांच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी मुंबईला भावाला फोन लावला. तो मोठा, त्याने शेवट नक्की ऐकलेला. म्हणाला, अगं आठवते की, आणि सांगायला लागला. राजवाडा, चांदण्या, पाठीवरचं पिल्लू. त्याचीही पोरं तीच मालिका बघतात. आपण काय सांगतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हा कळलं की आता विचारायला कुणी नाही. बाबा समोर आहेत, श्वास चालू आहे, आणि तरी गोष्ट गेली.

परवा वीज गेली. टीव्ही मुका झाला, तशी मुलगी म्हणाली, आई, तू सांग. मी बाबांच्या खाटेला टेकून बसले आणि सांगायला लागले. ती माझ्यासारखी नाही, तिला दुपारची झोप येत नाही. टक्क डोळे उघडे ठेवून हूं देत होती. अंडी फुटली. पिल्लू दिव्याकडे निघालं. कुर्लीला वाटलं, गेली सगळी.

“हूं,” मुलगी म्हणाली.

वाटलं, काहीतरी रचून सांगावं. पण रचलेला शेवट तर टीव्हीवालेही सांगतात.

“हूं,” ती पुन्हा म्हणाली.

आणि मग मागून, खाटेवरून, बाबांनीही हूं दिलं. मी वळून पाहिलं. ते जागे होते, आणि पुढे काय झालं ते ऐकायला माझ्या तोंडाकडे बघत होते.