अंगठा हलल्याची थाप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर माझी प्रत्येक फजिती मी तिखटमीठ लावून ऐकवतो. या गोष्टीला मात्र तिखटमीठ लावायला हातच होत नाही. म्हणून तुम्ही ऐका.

माझे दोन्ही पाय लहानपणच्या तापात गेले. कुबड्यांवर फिरतो, हातमशिनीवर कपडे शिवतो, आणि माझं बरं चाललंय. साठ सालच्या आसपास महागावच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला. त्यातला लुळा नायक अडीच तास रडतो, मग नायिका त्याच्या कुबड्या नदीत फेकते आणि देवीच्या पायरीवर तो ताडकन उभा राहतो. आमच्याकडे पडद्यावर देव आला की लोक चपला काढायचे, दुखणेकऱ्यांना उचलून पुढे बसवायचे. मलाही बसवलं – पडद्याच्या अगदी नाकाखाली. देवीपेक्षा तिची हनुवटीच जास्त दिसली.

देवी प्रकटली, आणि अख्खा तंबू तिला सोडून माझ्याकडे बघायला लागला. आता तुम्हीच सांगा, एवढ्या माणसांना रिकाम्या हाती घरी कसं पाठवायचं? मी म्हणालो, "अंगठा हालला."

झालं. नारळ फुटला, मला खांद्यावर घेऊन मिरवलं. हॉटेलवाल्यानं फुकट भजी दिली, ती मी – आता काय लपवायचं – दोनदा मागून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी जवळच्या तांड्यावरून सोनकी आली, आईसोबत, बैलगाडीतून. सोळा-सतरा वर्षांची. तिचेही पाय गेलेले. पण बापानं तिला फळीला लाकडी चाकं ठोकून दिली होती. त्या फळीवर बसायची, हातांनी जमीन रेटायची, शेळ्या राखायची, तांडाभर भांडत फिरायची. आई तिकडे तंबूवाल्याशी बोलत असताना तिनं मला हळूच विचारलं, "भाऊ, खरंच हालला का? मी कोनाले सांगत नाही."

सुटायची वाट होती ती – तिनंच उघडून दिलेली. मी का नाही सुटलो? भज्यांसाठी? खांद्यावरून गाव उंच दिसतं म्हणून? मी म्हणालो, "हालला."

त्याच आठवड्यात तिच्या आईनं फळी चुलीत घातली. सिनेमात तसंच होतं ना – आधार काढला की माणूस उभा राहतो. सोनकी उभी राहिली नाही. दारात बसून राहिली. शेळ्या चुलतभावाकडे गेल्या.

पुढच्या बाजाराला तिची आई माझ्या मशिनीपुढे आली. "आता तिचाबी हालन, नाही का रे भाऊ?" माझ्या कुबड्या मशिनीला टेकलेल्या होत्या. मी म्हणालो, "हालन."

उभा राहिला तरच माणूस पुरा, असं सांगणाऱ्या त्या सिनेमावर मी आजही थुंकतो. माझे पाय कधी हलले नाहीत, आणि त्याची मला काडीचीही लाज नाही. पण सिनेमावाल्याला सोनकी ठाऊक नव्हती – मला होती. सुतार माझ्या शेजारीच बसायचा. त्याच्याकडून तशी चाकांची फळी एका दुपारात झाली असती. मी त्याला सांगितलं नाही. कोणासाठी, कशासाठी, असं त्यानं विचारलं असतं – आणि मग अंगठ्याचंही सांगावं लागलं असतं.