हवेला जेवू घालणारे सर

आपण सगळे हवा नुसती आत घेतो आणि बाहेर सोडतो. तिला बसायला सांगून तिची विचारपूस करणारा माणूस साऱ्या नाशकात एकच, तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे सर. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, बाई गेल्या, मुलगी बंगळुरूला, आणि इंदिरानगरातल्या त्या फ्लॅटमध्ये सर आणि हवेतले जंतू एवढेच उरले. पहाटे वरून कुकरच्या शिट्या ऐकू यायच्या, मुगाच्या डाळीचा वास खाली उतरायचा. मला वाटायचं, चला, माणूस एकटा असला तरी गरम वरण करून खातोय. पुढे कळलं की ते वरण जंतूंचं. डाळीचं पाणी, चिमूटभर साखर, त्यात चायना ग्रास घालून ते थिजवायचे आणि झाकणाच्या छोट्या काचेच्या बशांत ओतायचे. अशी बशी कुठे थोडा वेळ उघडी ठेवली की हवेतले जंतू येऊन पडतात, मग झाकण लावून उबेला ठेवली की एकदोन दिवसांत एकेका जंतूचा ठिपका होतो. पिवळा, गुलाबी, खडूसारखा पांढरा. सर त्यांना पाहुणे म्हणायचे. पाहुण्यांना ताजं वरण, आणि हे स्वतः चहात टोस्ट बुडवून खायचे. मी एकदा बोलले तर म्हणाले, "वहिनी, त्यांना वाढून झाल्यावर पुन्हा कुकर लावायचा कंटाळा येतो हो."

बशी उघडी असली की सर बोलत नसत. तोंडाला रुमाल बांधलेला आणि मौन. आपल्या तोंडातले जंतू बशीत पडले तर नाशिकची हवा बदनाम होईल, ही त्यांची काळजी. एकदा भाजीबाजारात गर्दीच्या वेळी असेच हातात उघडी बशी घेऊन उभे होते. समोर दिंडोरीकडची एक द्राक्षवाली बसलेली. तिला वाटलं, म्हातारबाबा वानगी मागताहेत. तिने दोन टपोरे मणी उचलले आणि बशीत ठेवले. "चाखून बघा बाबा, लय गोड हायेत." सरांनी मान हलवली, हात हलवला, डोळे मोठे केले. ती शेजारणीला म्हणाली, "मुकं हाय गं बिचारं," आणि आणखी दोन मणी ठेवले. सर घरी आले ते थेट माझ्या दारात. बशी पुढे धरून म्हणाले, "हे आता खाताही येत नाहीत आणि टाकवतही नाहीत." मग पुढे सगळा हंगाम ते द्राक्षं त्याच बाईकडून घेत राहिले आणि तिच्यापुढे एक शब्द बोलत नसत, कारण आता बोललो तर तिला वाईट वाटेल म्हणे.

उन्हाळ्यात मात्र आमची दोघांची गाठ गच्चीवर. माझ्या कुरडया एका बाजूला, त्यांच्या बशा दुसऱ्या बाजूला. ते सांगायचे, "वहिनी, ज्या उन्हात तुमच्या कुरडया वाळतात ना, त्याच उन्हात माझे पाहुणे मरतात. पण वावटळ उठली की धूळ त्यांना खांद्यावर घेऊन येते." पावसाचंही तसंच. चांगली तासभर झड लागली की हवा धुऊन निघते, पण टपोरे थेंब कोरड्या मातीवर आपटले की खालचे जंतू आधी वर उडतात. मी सातवी शिकलेली बाई, पण त्यांच्यामुळे मला वाऱ्याचं वळण कळायला लागलं.

एके दिवशी सर बशा उघडून पाणी प्यायला खाली गेले आणि कावळे आले. मी आपली घाईघाईने जुनी नऊवारी कुरडयांवर टाकली, आणि उरलेला पदर, तेवढंच पुण्य म्हणून, त्यांच्या बशांवर पसरला. सर वर आले नि मटकन कठड्यावर बसले. बशा टाकून द्यायला मात्र तयार होईनात. दोन दिवसांनी दाखवायला घेऊन आले. ठिपकेच ठिपके.

"ही काही नाशिकची हवा नव्हे," सर म्हणाले, "ही तुमची साडी."

"धुतलेली होती हो," मी म्हटलं. मला रागच आला.

"धुतलेलीच असणार. पण माणूस वावरलं की त्याच्या अंगाचं, कपड्यांचं काहीतरी झडतंच. त्याला घाण म्हणू नका. माणूस असल्याची खूण आहे ती."

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बाया यायच्या आधी सर टेबलावर एक बशी ठेवून गेले, तशीच एक आपल्या दिवाणखान्यात ठेवली. मग दोन दिवसांनी दोन्ही घेऊन आले. माझी बशी गोंदून काढल्यासारखी. त्यांच्या बशीत कोपऱ्यात दोनचार ठिपके, बाकी आरशासारखी लख्ख.

मी कौतुकाने म्हटलं, "वा सर, घर किती स्वच्छ ठेवता."

"स्वच्छ कसलं वहिनी," ते म्हणाले, "कोणी येत नाही."

एवढं बोलून बशीचं झाकण उगाच पुसत बसले. मी चहा टाकला. त्यानंतर रोज संध्याकाळी ते चहाला येऊ लागले. आमचे हे गेल्यापासून मी दुसरा कप काढलाच नव्हता.

पुढे मे महिन्यात त्यांची मुलगी आली. तिने फ्रिज उघडला, दुधाच्या पातेल्याशेजारी बशांची चळत पाहिली आणि तडक माझ्याकडे आली. डोळे भरलेले. "मावशी, खरं सांगा. बाबांचं डोकं ठीक आहे ना? तुम्ही म्हणालात राहू द्या, तर राहू देते. नाहीतर नेते."

मुलगी समोर बसलेली आणि ओट्यावर संध्याकाळचे दोन कप धुऊन पालथे घातलेले. राहू दे म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. सरांचं डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत. मी तिला तेच सांगितलं. मग संक्रांतीच्या त्या दोन बशांची गोष्ट सांगितली, आणि म्हटलं, "घेऊन जा गं. डोक्याला काही झालेलं नाही, पण घेऊन जा."

सर ऐकेनात. "बंगळुरूत मला कोण ओळखतं? तिथली हवासुद्धा परकी."

मी म्हटलं, "परक्या हवेत पाहुणेही नवे असतील की. इथल्यांची ओळख झाली सगळ्यांची."

सरांनी चष्मा वर केला. "तेही खरंच," म्हणाले, आणि तिथेच निम्मे निघाले. गाडीत बसताना बाकी सामान डिकीत, कुकर मात्र मांडीवर.

आता फोन येतो. तिकडे दोन नातवंडं, त्यातल्या एकाला सदा सर्दी. "बशी ठेवली तर ठिपके मोजायला जागा नाही," असं सांगताना आवाजात असा काही ऐटबाजपणा असतो, की वाटतं, बरं झालं. मग मुलं हाका मारतात, आणि फोन लवकर आटपतो.

परवा सकाळी विचारत होते, "नाशकात धुकं पडलं का हो?" खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या गच्चीवरचे कपडेसुद्धा मोजता आले असते. मी म्हटलं, "पडलंय तर. समोरची इमारत दिसत नाही." धुकं म्हटलं की सर खुलतात. गार हवा खाली कशी दबून बसते, वर जाता न आल्याने सगळे जंतू जमिनीलगत कसे गोळा होतात, हे ते सावकाश, पहिल्यापासून समजावून सांगतात. मी खुर्ची ओढून घेतली आणि म्हटलं, "मग?"