चक्करची पुडी

लागायचं ते कायम दुसऱ्यालाच लागणार, अशा विश्वासाने जगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बीडमध्ये त्यांचं किराणा दुकान आहे. आम्ही सहाजण दर रविवारी पहाटे जीप काढून मांजरसुंब्याच्या बाजूचे डोंगर चढायला जात असू, त्यात तेही असायचे. आम्ही जायचो हवा खायला आणि उतरल्यावर ढाब्यावर शेवभाजी हाणायला. साडूभाऊ यायचे ते आमच्यातला कुणीतरी धडपडेल या आशेवर. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगत असे, आणि सगळे हसत असत.

प्रथमोपचाराची तयार पेटी बाजारात मिळते, हे त्यांना मान्यच नव्हतं. "त्या पेटीत औषध हुडकंस्तवर मानूस जातंय, पाव्हणं," असं म्हणून ते शनिवारी बिस्किटाचा चौकोनी पत्र्याचा डबा काउंटरवर घ्यायचे आणि वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधायला बसायचे. जिरे-मोहरी बांधणारे हात ते. पुडी अशी सुबक की सोडवायला जीव होऊ नये. पुडीवर औषधाचं नाव नसे. माणसाला काय झालं ते निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं असे. 'लागलं', 'भाजलं', 'मुरगळलं', 'काटा', 'पोट'. एकदा आमच्यातला एक जण घसरून पडला आणि बोंब मारायला लागला, तर साडूभाऊ डबा मांडीवर घेऊन शांतपणे विचारतात, "लागलंय का मुरगळलंय? नीट सांगा. येकदा फोडल्याली पुडी परत तशी बांधता येत न्हाई." 'चावलं' ही पुडी मी एकदा चोरून सोडली. आत औषधबिवषध काही नव्हतं, नुसती चिठ्ठी होती: 'पळू नका. कापू नका. गावठी विलाज करू नका. दवाखाना गाठा.' ही चिठ्ठी मी महिनाभर नकला करत म्हणून दाखवली.

डब्यात सगळ्यात वर 'चक्कर' लिहिलेली पुडी असे. तिच्यात खडीसाखर. आता आमच्याकडे डोक्याने जरा सरकलेल्या माणसालाही चक्करच म्हणतात. तेव्हा "साडूभाऊ, ही तुमच्याच नावाची पुडी दिसतीय," हा विनोद मी केला आणि पुढे दर रविवारी केला. ते हसायचे. दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या विनोदावर हसायची सवय असते, तसं. त्यांच्या इतरही तऱ्हा होत्या. अर्ध्या चढावर आम्ही चहा करायचो, तो ते कधी घेत नसत. पित्त होतं म्हणायचे. डोंगरावर येऊन चहा नाकारणाऱ्या माणसाला चक्कर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आमच्यात आधी एक वकीलसाहेबही होते. त्यांना शुगर होती. चढताना दोनदा बसावं लागायचं, वेळ मोडायचा. एकदा ते आले नव्हते तेव्हा ढाब्यावर मी मोठ्याने म्हणालो, "शुगरवाल्यांनी घरी बसावं. ही लोढणी कावून वढायची?" सगळ्यांना पटलं. पुढच्या रविवारपासून वकीलसाहेबांना निरोप गेला नाही. साडूभाऊ माझ्या शेजारीच जेवत होते. पुढच्या खेपेला 'चक्कर'ची पुडी दुप्पट मोठी झाली होती. तिचीही मी टिंगल केली.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला आम्ही असेच निघालो. अर्ध्या चढावर स्टोव्ह पेटवला, पाणी उकळलं आणि कळलं, साखर घरीच राहिली. साडूभाऊ आडोशाला गेले होते. मी त्यांची पिशवी उघडली, डबा काढला, ती पुडी टरकन फाडली आणि सगळी खडीसाखर चहात ओतली. ते परत आल्यावर वर तोंड करून सांगितलं, "तुमच्या नावाची पुडी कामी आली, साडूभाऊ!"

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

त्यांनी फाटका कागद घडी करून डब्यात ठेवला. मग म्हणाले, "चला, उशीर हुतोय."

तासाभराने, माथ्याजवळ, त्यांचे पाय वाकडे पडायला लागले. अंगरखा घामाने चिंब. मी हात धरायला गेलो, तर मला जन्मभर पाव्हणं म्हणणारा हा माणूस म्हणाला, "कोन बे तू?" आम्ही हसलो. मी तर म्हणालो, "आज खरंच चक्कर झाले." ते खाली बसले, डबा उघडला आणि एकेक पुडी वर-खाली करत राहिले. 'लागलं' बाजूला, 'काटा' बाजूला. मग तसेच एका अंगावर कलले. तेव्हा कुठे आमचं हसू थांबलं.

शेळ्या घेऊन एक म्हातारी तिथून चालली होती. ती ओरडली, "बगत काय बसलाव? ग्वाड द्या की त्येला! आमच्या मालकालाबी असंच व्हतंय, शुगरची सुई घेत्यात त्ये." तिने ओटीतलं पिकलेलं सीताफळ फोडलं, बिया काढल्या आणि गर बोटाने त्यांच्या ओठांत घातला. ते गिळत होते, एवढंच नशीब. पाव तासाने डोळे स्थिर झाले. आम्ही सगळे भोवती उभे होतो, सगळ्यांना सगळं कळलं होतं. तरी ते माझा हात धरून हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्यांना कुणाला सांगू नका."

त्यांना घरी बसवा, असं कुणी म्हटलं नाही. निरोप तेवढा गेला नाही. निरोप धाडायचं काम माझं होतं, हे लिहायला मला लाज वाटते, पण ते माझंच होतं.

महिन्याभराने आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, तो डबा घेऊन घरी आल्या. साऱ्या पुड्या नव्याने बांधलेल्या, 'चक्कर' सगळ्यात वर. मी विचारलं, "साडूभाऊ कसे आहेत?"

"बरे हायत, दाजी. आयतवारी पाचला उठत्यात, बूट घालत्यात अन् ओट्यावर बसत्यात. उजाडलं की काढून ठिवत्यात."

डबा मी दर रविवारी नेतो. अजून एकही पुडी फोडायची वेळ आलेली नाही. त्यांचं घर आमच्या वाटेवरच आहे, म्हणून हल्ली मी जीप मागच्या रस्त्याने काढतो.