लिफ्टकाकांची धर्मतपासणी

लिफ्टकाका कुठल्याही देवळात, चर्चमध्ये किंवा दर्ग्यात शिरले की हात जोडण्याऐवजी मनगटावरचं घड्याळ बघायचे. मग दाराजवळ एका बाजूला, जरा गोंधळलेला चेहरा करून उभे राहायचे. कोणीतरी येऊन "काय हवंय?" असं विचारलं की पुन्हा घड्याळ बघायचे आणि हळूच मला म्हणायचे, "मनू, दोन मिनिटं दहा सेकंद. लक्षात ठेव." मी लक्षात ठेवायचे. ते एक वर्षभर माझे बहुतेक रविवार असे गेले.

काका सरकारी खात्यात लिफ्टची तपासणी करायचे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये लावलेल्या सर्टिफिकेटवर त्यांची सही असे. गंमत म्हणजे मुलुंड पूर्वेच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगला लिफ्टच नव्हती, आणि काका राहायचे तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "आत काय असतं ते ज्याला ठाऊक आहे, तो जिन्यानं जातो," असं म्हणत ते भाजीची पिशवी घेऊन टणाटण वर यायचे. देवाबद्दलही त्यांचं हेच मत होतं.

लिफ्ट तपासायची त्यांची एक पद्धत होती. दोर, ब्रेक, मोटर सगळं बघून झालं की ते स्वतः आत बसायचे, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवायला लावायचे आणि अलार्मची घंटा दाबून घड्याळ बघत बसायचे. कोणाला आधी सांगायचं नाही. वॉचमन धावत येतो की सेक्रेटरी, की कोणीच येत नाही, ते बघायचं. एका टोलेजंग सोसायटीत ते पाऊण तास आत बसून राहिले होते आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजीबाईंनी जाळीतून विचारलं होतं, "इस्त्रीवाला का रे तू?" त्या सोसायटीला सर्टिफिकेट मिळालं नाही. काका म्हणायचे, "कागदावर सगळं झकास असतं. पण माणूस अडकतो तेव्हा कागद येत नाही सोडवायला. कोण येतं, ते बघायचं."

अशा पक्क्या नास्तिकाच्या घरात सुमनकाकू होत्या. काकूंचे गुरुवार, काकूंची चतुर्थी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं काकूंचं देवघर, आणि संध्याकाळी कुकर लावता लावता मोठ्यानं म्हटलेलं काकूंचं स्तोत्र. चाळीस वर्षं काका त्याच वेळी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे. मूलबाळ नव्हतं. भांडायला दोघंच, त्यामुळे भांडणं पुरवून पुरवून करायचे. काका प्रसाद मात्र चुकवायचे नाहीत. "साखर, तूप आणि रवा यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," असं त्यांचं म्हणणं.

मग काकूंना हार्टचा पहिला झटका आला. त्यातून बऱ्या होऊन घरी आल्या, आणि दुसऱ्याच दिवशी मी पेज घेऊन गेले तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी विषय काढला.

"अहो, तुम्ही एक कुठला तरी धर्म धरा बघू."

"आता या वयात?"

"मग कधी? उद्या मी गेले, मागून तुम्ही आलात, तर तुम्हाला शोधू कुठे मी?"

"सुमन, मेल्यावर काही नसतं गं."

"तुमच्यासाठी नसेल. मी तर जाणारच आहे. तिथे एकटी काय करू?"

काका हसायला गेले, पण काकू हसत नव्हत्या. डोळे भरले होते त्यांचे. काका म्हणाले, "आणि समजा मी भलताच धर्म धरला, तर? तू एकीकडे, मी दुसरीकडे."

"कुठलाही धरा. मला फक्त पत्ता कळू द्या," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं गुरुवार केलेत, एवढी बदली देतील मला."

काकांनी 'बरं' म्हणून टाकलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण न तपासता सही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि काकूंना ते माहीत होतं. खोटं 'बरं' त्यांनी घेतलंही नसतं. पुढच्या रविवारी सकाळी काकांनी आमची बेल वाजवली. "मनू, चप्पल घाल. तपासणीला दोघं लागतात, एक आत आणि एक बाहेर." मी तेव्हा नुकतीच घाटकोपरला नोकरीला लागले होते आणि रविवार हा झोपायचा वार आहे असं माझं ठाम मत होतं. ते कोणी विचारलं नाही.

सुरुवात घरापासून, म्हणून आधी आमच्याच नाक्यावरच्या देवळात गेलो. अकरा मिनिटं काका गोंधळलेला चेहरा करून उभे राहिले. अकराव्या मिनिटाला एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "पुढे चला, पुढे चला." काकांनी विजयी मुद्रेनं काकूंना हे सांगितलं. काकू तांदूळ निवडत होत्या. "घरच्या माणसाला कोण पाणी विचारतं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

गुरुद्वारात चाळीस सेकंद लागले. एका सरदारजींनी डोक्याला रुमाल बांधला, दुसऱ्यांनी पंगतीत बसवलं, आणि आलात कशाला हे कोणीच विचारलं नाही. काका फार खूश झाले. पुढचे तीन रविवार ते तिथे कांदे चिरायला गेले. चौथ्या रविवारी मांडी घालून बसले ते उठेनात, दोघांनी धरून उठवलं. "ते पास आहेत, माझे गुडघे नापास," त्यांनी निकाल दिला. चर्चमध्ये एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून जागा करून दिली. बाकाला पाठ टेकता येते हे काकांना फारच आवडलं. पण तिथे केलेल्या चुका कबूल करायच्या असतात हे कळल्यावर ते म्हणाले, "त्या सगळ्या सुमननं आधीच शोधून काढल्यात. नवीन काय सांगू?" दर्ग्यात एका चाचांनी उन्हातून आलेल्या काकांच्या हातात आधी पाण्याचा ग्लास दिला आणि मग नाव विचारलं. परतताना काका बराच वेळ त्या ग्लासाबद्दल बोलत होते. "पण दिवसातून पाच वेळा, तेही वेळेवर? मनू, मी सरकारी नोकरी केलीय गं."

तळमजल्यावरच्या शहांकडून त्यांना कळलं की जैनांमध्ये जग निर्माण करणारा देव मानतच नाहीत. काकांना वाटलं, संपलं, मिळालं. सूर्यास्ताआधी जेवायला लागले. कांदा गेला, लसूण गेला. आठव्या दिवशी काकूंनी मुद्दाम बटाट्याची भाजी केली, वरून कोथिंबीर घातली आणि कढई टेबलाच्या मधोमध ठेवली. काका पाच मिनिटं कढईकडे बघत होते. मग म्हणाले, "देव सोडणं सोपं होतं," आणि ताट पुढे केलं.

शेवटी उरले गायकवाड. हे काकांच्या खात्यातले जुने सहकारी, भांडुपला राहायचे. काका आत अडकून घंटा वाजवायचे तेव्हा बाहेर वही घेऊन उभे असायचे ते हे गायकवाड. बौद्ध धर्मात देवाची सक्ती नाही, बुद्धीला पटेल तेच घ्या म्हणतात, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. मला वाटतं ते नाव त्यांनी पहिल्या दिवसापासून मनात धरून ठेवलं होतं. रविवारी आम्ही विहारात गेलो, वंदना झाली, मग गायकवाडांच्या घरी चहा. काकांनी मोठ्या उत्साहात आपला बेत सांगितला. गायकवाडांनी कप खाली ठेवला.

"साहेब, रागावू नका. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली ती ताठ मानेनं चालता यावं म्हणून. गावाशी वैर घेतलं त्यासाठी. तुम्ही येताय देव नको म्हणून आणि बटाटा चालतो म्हणून. कारण जरा हलकं नाही का वाटत?"

मला वाटलं, आता वाट लागली. पण काकांनी मान खाली घातली. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. गायकवाडांनी त्यांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. "विहारात कधीही या. दार उघडंच आहे. पण काय शोधताय ते आधी बघा ना, साहेब." खाली उतरल्यावर काका म्हणाले, "आज पहिल्यांदाच मला कोणीतरी तपासलं." त्यानंतर रविवारच्या फेऱ्या थांबल्या. काकू अधूनमधून विचारायच्या, "ठरलं का?" काका म्हणायचे, "तपासणी चालू आहे."

ती चालू असतानाच काकूंना दुसरा झटका आला. त्यांना हॉस्पिटलात पाचव्या मजल्यावर ठेवलं होतं. मी वर त्यांच्याजवळ होते, काका खालून औषधं घेऊन येत होते. दुपारची वेळ. सहा दिवस जिने चढून गुडघे सुजलेले, शेवटी नाइलाजानं काका लिफ्टमध्ये शिरले. ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. दिवे गेले. आत काका आणि एक आयाबाई. काकांनी घंटा दाबली. सवयीनं घड्याळ बघायला गेले, तर अंधारात दिसेना. आणि मग वर सुमन आहे, हातात तिचं औषध आहे आणि आपण मध्येच लटकलोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

पुढचं त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं. "मनू, माझं तोंड आपोआप सुरू झालं. सुमनचं ते संध्याकाळचं स्तोत्र. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मला ते येतं हेच मला माहीत नव्हतं!" आयाबाई म्हणाली, "आजोबा, थांबू नका, बरं वाटतंय." काका म्हणाले, "मला अर्थ माहीत नाही हो." ती म्हणाली, "मला तरी कुठे माहितीय?" मग दोघांनी मिळून दुसऱ्यांदा म्हटलं. वीस मिनिटांनी माणसं आली, दार उघडलं.

काकू त्यातूनही बऱ्या झाल्या. शुद्धीवर आल्यावर काका त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "ठरलं. तुझाच."

"खोटं. मी आजारी आहे म्हणून सांगताय."

"देव आला नाही, सुमन, खोटं कशाला बोलू? मी घंटा वाजवली तेव्हा तुझा आवाज आला. पद्धतीप्रमाणे तुझा धर्म पास."

काकू क्षीण आवाजात म्हणाल्या, "लिहून द्या."

घरी आल्यावर काकांनी खरंच लिहून दिलं. लिफ्टच्या सर्टिफिकेटसारखे रकाने आखले. 'तपासणी केली. वापरास योग्य. मुदत एक वर्ष.' काकूंनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. "एकच वर्ष?" "नियम आहे," काका म्हणाले. "दरवर्षी पुन्हा तपासायचं." काकूंनी तो कागद देवघरात, देवांच्या मागे ठेवला. त्यानंतर त्या तीन वर्षं होत्या.

त्या गेल्यावर काकांनी कधी पूजा केली नाही. दर गुरुवारी ओल्या फडक्यानं देवघर पुसायचे. मी बघतेय हे दिसलं की म्हणायचे, "धूळ बसते गं." मी त्यांना चिडवायचे, आणि ते मला चिडवू द्यायचे. त्यांना माझा बाप म्हणावं इतकं आमचं नातं नव्हतं, पण आज बापानंतर मला त्यांचीच आठवण येते.

गेल्या वर्षी काका गेले. झोपेत, शांतपणे. घर आवरायला त्यांच्या पुतण्यानं मला आणि गायकवाडांना बोलावलं. देव बाहेर काढताना मागचा तो कागद हाती लागला. मला वाटलं होतं त्यावर तीन सह्या असतील. आठ होत्या. प्रत्येक सहीपुढे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा. पहिल्या वर्षी, 'घंटेचा आवाज जास्त. सहन करण्याजोगा.' दुसऱ्या वर्षी, 'शिरा उत्तम.' चौथ्या वर्षी, म्हणजे काकू गेल्यानंतर, 'घंटा बंद. बाकी ठीक.' सहाव्या वर्षी, 'तपासनीस अजूनही साशंक. मुदत वाढवली.' शेवटच्या सहीपुढे फक्त 'चालू' असं लिहिलेलं.

गायकवाडांनी चष्मा लावून तारखा पाहिल्या. जुनी सवय. बोटांवर महिने मोजले आणि चष्मा काढून डोळे पुसले. "दोन महिने बाकी होते," ते म्हणाले. "साहेब चालू सर्टिफिकेटवर गेले."

देव-बीव मी काही मानत नाही, ती काकांचीच शिकवण. पण त्या रिकाम्या देवघरासमोर उभी राहून मी मनातल्या मनात सुमनकाकूंना सांगितलं, की मुदतीत आहेत हो, आत घ्या.