दादाची पालथी पानं

मी हे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. लिहिणारे लोक वेगळे असतात, असं मला अजूनही वाटतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लेखनाचा माझा अनुभव एका दोनशे पानी वहीपुरता आहे. ती वही अभ्यासाची नाही. आमच्या घरच्या पत्त्याच्या खेळाचे नियम तिच्यात आहेत, पहिल्यापासून सगळे माझ्याच अक्षरात. दुसऱ्या कुठल्याही विषयावर कोणी मला हटकलं तर मी गप्प बसेन. या विषयावर बसणार नाही. हा खेळ माझ्याइतका नीट कोणालाच येत नाही, हे मी कोणासमोरही सांगेन.

खेळाचं नाव भलतंच. ते आईने ठेवलं. दादा, मी आणि धाकटी बहीण ओसरीवर बसून, कामरगावच्या बाजारातून आणलेल्या पत्त्यांशी काहीतरी करत होतो. आई तुरीची डाळ निवडत होती. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "हे काय भलतंच लावलं बाप्पा तुमी?" तेच नाव पडलं, आणि आठ दिवसांत आई-बाबाही खेळायला बसू लागले.

मूळ खेळ सोपा आहे. प्रत्येकाला सात पानं वाटायची, उरलेली गड्डी मध्ये पालथी ठेवायची, तिच्यातलं एक पान उलटायचं. त्यावर त्याच रंगाचं किंवा त्याच आकड्याचं पान टाकायचं, नसेल तर गड्डीतून उचलायचं. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. ज्याच्याजवळ सगळ्यात जास्त उरली तो हरला. इथपर्यंत कोणीही खेळेल. पुढे मात्र जिंकणाऱ्याला दर डावाला एक नवा नियम करता येतो, आणि केलेला नियम फक्त करणाराच मागे घेऊ शकतो. ही शेवटची अट दादाने घातली, कारण बाबा हरायला लागले की नियम मोडायचे आणि वर म्हणायचे, "मी घरचा मोठा हाओ."

सत्ती डाव्या हाताने टाकायची. राजा पडला की त्याला रामराम म्हणायचं, सगळ्यांत शेवटी म्हणेल त्याने दोन पानं उचलायची. गुलाम टाकणाऱ्याने पुढचा गुलाम पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा नियम बहिणीने माझ्यासाठी केला आणि त्यात तीच जास्त वेळा अडकली. ज्याचा मोबाइल वाजेल त्याने आपली पानं शेजाऱ्याशी बदलायची, हा बाबांचा नियम. तो केल्यावर पहिला फोन त्यांचाच वाजला. त्यांच्या हातात दोनच पानं उरली होती, ती आईला गेली. "फोन करणाराले पाहून घेईन मी," असं म्हणत त्यांनी आईची अकरा पानं घेतली.

चौकटची दुर्री दुसऱ्याच महिन्यात हरवली. तिच्या जागी आम्ही कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा कापून घातला. पाठीवरून तो सगळ्यांना ओळखू यायचा. मग आईने नियम केला की पत्रिका पडली, की ज्याची पाळी पुढे आहे त्याला बाकीच्या सगळ्यांनी एकेक पान आहेर म्हणून द्यायचं. आहेर देताना आई आपलं सगळ्यात नकोसं पान शोधून काढायची आणि हात जोडून म्हणायची, "गोड मानून घ्या." एकदा तिने मला असा आहेर केला की जिंकत आलेला मी हरलो.

आणखी दोन नियम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिला बाबांचा. हरणाऱ्याने सगळ्यांसाठी चहा करायचा, आणि दुसऱ्या कोणी गॅसला हात लावायचा नाही. बाबांना चहा फार लागतो. पण दुसरा अर्धा भाग त्यांनी आईसाठी घातला होता. डाव रंगात आला की चहासाठी आईच उठायची, म्हणून.

दुसरा दादाचा. आमच्या वावरात पाण्याच्या मोटरीची लाइन, म्हणजे वीज, ठरावीक वेळीच येते, आणि ती नेमकी डावाच्या मध्ये यायची. लाइन आली की दादा पानं ठेवून सायकलने वावरात पळायचा, आणि परत येईपर्यंत आम्ही त्याची चांगली पानं काढून घेतलेली असायची. एकदा तो जिंकला आणि म्हणाला, "लिही. जो उठून गेला, त्याचे पानं वाटाचेच. अन् त्याईले कोणी हात लावाचा नाही. भगवान आला तरी नाही."

मी लिहिलं. भगवानाचंही लिहिलं.

दादा पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावायचा. भरतीत तो थोडक्यात राहिला. त्या वर्षी सोयाबीन काढायला मजूर आले होते, मळणी यंत्र चालू होतं, आणि दादाच्या हातून पोतं सुटून दाणे मातीत सांडले. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "धावून धावून कुठी पोचला रे तू? पोतं त धरता येत नाही." मजूर हसले. दादाने दाणे भरले, पोतं शिवलं, आणि चौथ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसला. तिकडे एका कंपनीत लागला. त्याचा फोन आईला यायचा, बहिणीला आणि मला यायचा. बाबांबद्दल तो विचारायचा नाही आणि बाबा फोन हातात घ्यायचे नाहीत. त्या वर्षी तो दिवाळीला आला नाही. आईने त्याच्यासाठी बाजूला ठेवलेली करंजी संक्रांतीपर्यंत डब्यात होती.

दादा गेल्यावर बरेच दिवस पत्ते कोणी काढले नाहीत. मग उन्हाळ्यात एका दुपारी, वावरात जाता येऊ नये असं ऊन होतं तेव्हा, बहिणीने गड्डी आणून बाबांसमोर ठेवली. बाबा वाटू लागले. त्यांचा हात सवयीने पाच जागी फिरला. तिसऱ्या फेरीला त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले. पाचव्या जागी, दादा बसायचा त्या खांबाजवळ, तीन पानं पालथी पडली होती. मला वाटलं आता ते उचलतील.

"नियम आहे," बहीण म्हणाली.

"मले माहीत आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी राहिलेली चार पानं तिथे वाटली.

डाव संपला. आई जिंकली. दादाची सात पानं तशीच होती, वर आहेराची चार. हरला दादा. म्हणजे चहा दादाने करायचा होता, आणि दादा पुण्याला.

आई उठायला लागली तर बहिणीने तिचा पदर धरला. "बस ना माय. गॅसले हात लावता येत नाही. बाबाचा नियम आहे."

त्या दुपारी चहा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही झाला नाही. खांबाजवळची पानं कधी कमीच होत नव्हती, त्यामुळे दर डावाला दादाच हरायचा. बाबा रिकाम्या कपासारखं तोंड करून बसायचे. सकाळचा आणि संध्याकाळचा चहा व्हायचा, पण डावानंतरचा चहा, ज्यासाठी ते खरं म्हणजे खेळायला बसायचे, तो बंद झाला.

शेजारचे काका रोज बघायला यायचे. एकदा म्हणाले, "चार जण बसता अन् पाच वाटता. त्या खांबाले कायले खेळवता लेकहो?"

"तुमाले खेळाचं असन त बसा," बाबा म्हणाले. "तुमाले नवे पानं देतो. ते त्याचे आहेत."

बाबांनी दादाचा उल्लेख केलेला मी कित्येक महिन्यांनी ऐकला तो असा. नाव नाही, नुसतं त्याचे.

शेवटी बहिणीलाच दया आली. बाबा टपरीवरून चहा पिऊन येतात हे तिने पाहिलं होतं. ती म्हणाली, "बाबा, नियम तुमचा आहे. तुमी मागं घेऊ शकता. एकदा म्हणा, मी लगेच मांडते चहा."

बाबा पानं पिसत होते. "काहून मागं घेऊ?"

"तुमाले चहा पाहिजे ना?"

"पाहिजे."

"मंग?"

"जो हरला तो करीन."

"पण तो इथं आहे कुठी?"

"येईन ना," बाबा म्हणाले. "कधी त येईन. तवा करीन." आणि त्यांनी पानं वाटायला घेतली, पहिलं पान खांबाजवळ.

 आई डोळ्यांतलं काहीतरी पुसून आपली पानं लावू लागली. मी वही मांडीवर घेऊन बसलो होतो. बाबा दादाला बोलावणार नाहीत, हे मला तोपर्यंत पक्कं वाटत होतं. ते रोज दुपारी त्याला बोलावत होते, सात पानं मोजून. फक्त ही गोष्ट पुण्याला माहीत नव्हती, आणि ती सांगणं मला भाग होतं. घरात लिहिणारा मीच.

तरी मी ते लगेच केलं नाही. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याने मला सायकल शिकवली, पाढे शिकवले. त्याला मी काय सांगणार? शिवाय बाबांना कळलं तर ते रागावतील, ही भीती. असं करता करता वाशीमला प्रवेश मिळाला आणि मी हॉस्टेलवर यायला निघालो. जीपपर्यंत बाबा पेटी घेऊन आले. पेटी टपावर बांधल्यावर म्हणाले, "वही घेतली का सोबत?"

"कोणती?"

"नियमाची."

"पेटीत आहे."

"काढ. घरी लागते."

जीपवाल्याने दोरी सोडली, लोक कुरकुरले, मी वही काढून दिली. बाबांना वाचता येतं, पण हळू. त्यांनी ती काखेत धरली आणि जीप वळेपर्यंत उभे राहिले.

हॉस्टेलवर माझ्या खोलीत रिसोडकडचा एक मुलगा आहे. त्याला मी भलतंच शिकवायचा प्रयत्न केला. नववा नियम ऐकून तो म्हणाला, "हा खेळ नाही भाऊ, हे कोर्ट आहे." मला हसू आलं आणि घरची आठवणही आली. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "आता दोन रिकाम्या जागी वाटतो. तुह्येही पानं असतात. तुमी दोघं भाऊ रोज हरता."

त्याच दुपारी मी मोबाइल घेतला आणि दादाला लिहायला बसलो. तीनदा लिहून पुसलं. आधी समजावणीचं लिहिलं होतं, ते मलाच आवडलं नाही. मग जे घडलं तेवढंच लिहिलं, जसं वहीत लिहायचो तसं:

"दादा, तुह्या नियमानं तुह्ये पानं रोज वाटतात. बाबाच वाटतात. कोणी हात लावत नाही. तू रोज हरते, म्हणून डावानंतरचा चहा बंद आहे. नियम बाबाचा आहे, मागं घ्या म्हटलं त घेत नाहीत. म्हणतात, तो येईन तवा करीन."

दादाने ते वाचलं. तसं मोबाइलवर दिसत होतं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मी आगाऊपणा केला असं मला वाटायला लागलं. पण लिहिलेलं पुसावंसं एकदाही वाटलं नाही, कारण त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तीन आठवडे मी रोज मोबाइल उघडून बघत होतो आणि तास, प्रॅक्टिकल, मेस असं चाललं होतं.

काल दुपारी प्रॅक्टिकलच्या खोलीबाहेर होतो तेव्हा बहिणीचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"भाऊ, बसून घे कुठी."

"काय झालं?"

"दादा आला."

मी पायरीवर बसलो. "कधी?"

"आत्ता, घंटाभर झाला. आमी वाटूनच राह्यलो होतो. बॅग ठेवली, खांबाजवळच्या पानाइकडे पाह्यलं, बाबाइकडे पाह्यलं. बाबा वाटतच राह्यले. मंग दादा म्हणते, पयले चहा, मंग डाव. अन् गेला सैपाकघरात."

"मग?"

"मंग काय! साखर किती टाकली त्यानं, इचारू नको. पाक झाला पाक. माय म्हणे बशीत मुंग्या येतीन."

"बाबा?"

"दोन कप पिले. अन् तिसरा मांगतला."

 तिकडून दादाचा आवाज आला, "फोन ठेव, तुही पाळी आहे," आणि बाबांचा, "बोलू दे तिले."

"ऐक," बहीण म्हणाली. "दादानं त्याचे पानं उचलले. आता एकटे तुह्येच पालथे आहेत. आज तूच हरशीन. दिवाळीले आला की चहा तुह्याकडे, वहीत लिहून ठेवलं बाबानं."